राजाचे जोडे पायरीखाली

सातारच्या दवाखान्यात आमची हौसा मला शेवटचं बोलली ते माझ्या चपलांविषयी. मी खाटेशी जाऊन उभा राहिलो, तर हिनं आधी माझे पाय बघितले. म्हणाली, "दाराशी वाकड्यातिकड्या टाकल्या आसशीला. जावा, नीट लावून या." मला राग आला. बायको मरायला टेकलीय आणि तिला चपलांचं पडलंय! तरी गेलो, लावून आलो... तोवर तिनं डोळे मिटले होते. परत उघडले नाहीत. याला आता पाच आठवडे झाले.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण गावच्या वाचनालयाच्या मंडळींनी परवा जे ठरवलं ते ऐकून गप्प बसवेना.

आमचं गाव माहुलीच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. वाचनालयात भिंतभर एक चित्र आहे. राजे आपल्या आजीच्या समाधीला आलेत, लांब घोडा उभा आहे, मागं भालदार. नदीकाठच्या त्याच समाधीचा चौथरा हौसानं सव्वीस वर्षं झाडला. पायातलं घालून तिनं कुणाला वर चढू दिलं नाही. एका मामलेदाराला खाली उतरवला होता. लोकांची पायताणं ती स्वतः पायरीखाली जोडीनं लावायची, टाचा समाधीकडं, अंगठे बाहेर. म्हणायची, "दर्शन घेऊन माणूस वळला की पाय सरळ आत गेला पायजे." घरी माझ्या चपलांनाही तोच नियम.

दुष्काळ सरला त्या साली सांगलीचे एक चित्रकार ते चित्र करायला आले. भाकरी आमच्या घरून जायची. चित्र होत आलं तेव्हा हौसा मला घेऊन बघायला गेली. सगळे वाहवा करत होते. ही पुढं झाली आणि म्हणाली, "मास्तर, राजे जोडं घालून चौथऱ्यावर कसं चढलं?"

चित्रकार हसले. "राजे आहेत ते, बाई."

"आसतील. आत झोपलीया ती त्येंची आजी हाय. आजीच्या उशाला जोडं घालून जात्यात व्हय?"

वाचनालयाचे अध्यक्ष उखडले. "हौसाबाई, तुमी झाडू मारा. इतिहासातलं तुमाला काय कळतंय?"

"न्हाई कळत, आबा. जोड्याचा चिखल कुणाला झाडाय लागतो, ते कळतंय."

चित्रकारांचं हसू तिथंच थांबलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अनवाणी पाय काढायचे तर समोर कुणाचे तरी पाय पाहिजेत. हौसानं मला पुढं ढकललं. "ह्येंचं घ्या. लय चालल्यालं पाय हायती." तीन दिवस मी स्टुलावर उभा! चित्रकारांनी टाचेच्या भेगासुद्धा सोडल्या नाहीत. आणि काढलेले जोडे हिनं शेजारी बसून रंगवून घेतले. पायरीखाली, जोडीनं, अंगठे बाहेर.

आता ती गेली, तर मंडळींनी ठरवलं की राजाच्या पायांत पुन्हा जोडे रंगवायचे. बडे पाहुणे येणार, भेगाळलेले पाय शोभत नाहीत म्हणे. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आता बोलायला हाय कोण?" शिपायानं येऊन मला सांगितलं.

मी हाय की!

काल सकाळी गेलो. रंगारी डबा उघडून बसला होता. चित्राखाली खुर्ची ओढली आणि बसलो. अध्यक्ष धावत आले. "आप्पा, उठा. म्हातारपणी तमाशा कशाला?"

"पाय माजं हायती, आबा. जोडं घालायचं का न्हाई, ते मी ठरवणार."

"आवं, ते राजाचं पाय हायत!"

"मग राजाला इचारून या. तवर मी बसतो."

दुपारी रंगारी डबा मिटून गेला. संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळेला मी उठलो. माझ्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. सकाळी येताना त्या मीच नीट लावल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं... पाय सरळ आत गेले.

आज पुन्हा आलोय. हे त्याच खुर्चीत बसून लिहितोय. रंगारी दारात येऊन उभा आहे. त्याला म्हणालो, ये बाबा, बस. पण आधी जोडं काढ, नीट लाव.