माझ्या वतीनं धावणारा

लखनौच्या जानेवारीत क्रिकेट खेळणं म्हणजे मुख्यतः पॅड बांधून बसणं. धुकं उठत नाही. पंच खेळपट्टीपर्यंत जातात, आकाशाकडे बघतात, मान हलवत परत येतात, आणि आपण आणखी एक चहा घेतो. राज्याकडून इतकी वर्षं खेळलात, काय आठवतं, असं लोक विचारतात तेव्हा मी कुठल्यातरी शतकाचं सांगतो, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. मला आठवतो तो गार होत गेलेला चहा आणि पॅडच्या पट्ट्यांखाली बधिर झालेल्या पोटऱ्या.

मी मधल्या फळीतला फलंदाज होतो. षटकार मारणं मला कधी साधलं नाही. माझं भांडवल एकेरी धावेचं. चेंडू हलक्या हातानं कव्हरकडे ढकलायचा आणि तिथला माणूस वाकून उठेपर्यंत पलीकडचं टोक गाठायचं. हे मला बाबांनी शिकवलं. ते नागपूरहून केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन इकडे आले आणि विकास नगरला घर करून राहिले. स्वतः कुठल्याच टीममध्ये खेळले नाहीत, पण ऑफिसातून आले की बूटसुद्धा न काढता मला गल्लीत पळायला लावायचे. "आपल्याले चौका कोणी फुकट देनार नाही," म्हणायचे. "एक एक घे. कोणी नाही म्हनू शकत नाही." रविवारी विहारात भेटणाऱ्या त्यांच्या मित्रांना वाटायचं, हा पोराला पोलिसात घालणार आहे बहुतेक.

एक एक घेत मी राज्याच्या संघापर्यंत गेलो, आणि नेमकं तेव्हाच क्रिकेटला एकेरी धावेचा कंटाळा आला. वीस षटकांच्या खेळात एक धाव घेणारा माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरणभात मागणारा. मोठ्या लीगच्या लिलावात माझं नाव दोनदा गेलं आणि कोणी हूं की चूं न करता परत आलं. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो, पण आता तो राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो.

खेळाडू म्हणून एका सरकारी कंपनीत नोकरी होती. ऑफिसात मी वर्षातून थोडे दिवस जायचो, सही करायचो, कोणाच्या तरी प्रमोशनचे पेढे खायचो आणि पुन्हा कॅम्पला निघायचो. मग उजवा गुडघा गेला. एकदम नाही गेला. आधी जिने उतरताना, मग खुर्चीवरून उठताना, शेवटी नुसतं उभं राहतानाही. डॉक्टर म्हणाले, आतली गादी झिजली आहे, आता धावणं विसरा. त्यामुळे माझ्या वयाचे लोक खात्याचे प्रमुख होत असताना मी टेबलावर बसून फाइल पुढे कशी सरकवायची ते शिकत होतो. सगळे गोड बोलायचे. "आइए कप्तान साहब," म्हणायचे, आणि कप्तानसाहेबांनी चुकीच्या रकान्यात लिहिलेलं गुपचूप दुरुस्त करायचे.

आमच्याकडे खेळणाऱ्या माणसाची बदली होत नाही. न खेळणाऱ्याची होते. मी खेळायचा थांबलो त्याच वर्षी माझं नाव बलियाच्या, म्हणजे राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाच्या, यादीत आल्याचं कळलं.

बलिया वाईट आहे असं नाही. पण बाबांना कंपवाताचा आजार आहे. हात थरथरतात, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि ते फक्त मलाच हात लावू देतात. बायको इंदिरा नगरच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी येऊन त्यांचं सगळं बघते, पण तिनं उठवायला हात पुढे केला की बाबा भिंतीकडे तोंड करतात. मदतनीस ठेवून पाहिला. तो तीन दिवसांत गेला आणि जाताना म्हणाला, "बाबूजी हमको देखते ही नहीं हैं." सकाळी त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, संध्याकाळी अंगणात चार फेऱ्या मारवणं, सगळं माझ्याकडे. मी गेलो तर ते पडून राहतील. ही माझी नुसती कल्पना नव्हती, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं.

बदली रद्द करायच्या नियमांत वडिलांच्या आजाराला जागा नव्हती. स्वतःच्या आजाराला होती. म्हणून मी गुडघ्यावर अर्ज केला. गुडघा खराब होता हे खरंच होतं, त्यामुळे निदान खोटं बोलावं लागलं नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी तो अर्ज शिफारशीसह वर न्यायचा होता.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कप हवा होता. सगळ्या सरकारी कंपन्यांच्या स्पर्धेत आमची टीम फायनलला पोचली होती आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून समोर काजू ठेवले.

"चार नंबर पर उतर जाइए," ते म्हणाले.

"सर, घुटना बिल्कुल काम नहीं कर रहा."

"तो कौन कह रहा है दौड़िए? रनर ले लीजिए. सामने वालों से बात हो गई है. आप बस खड़े-खड़े मारिए. और आपका काग़ज़ सोमवार की मीटिंग में मैं ख़ुद लेकर जाऊँगा."

नाही कसं म्हणणार? मी काजू खाल्ले.

रनरचा नियम आता मोठ्या क्रिकेटमधून गेला आहे, पण ऑफिसच्या सामन्यांत अजून चालतो. जखमी फलंदाजानं आपल्या जागी उभं राहून खेळायचं. बाजूला त्याचा रनर पॅड, हेल्मेट घालून उभा राहतो आणि त्याच्या वतीनं धावतो. फलंदाजानं स्वतः आपली रेघ सोडायची नाही. त्यानं ती सोडली आणि मागच्या यष्टीरक्षकानं बेल्स उडवल्या, तर तो बाद, मग तो कुठेही पोचलेला असो. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मीच कितीतरी नव्या पोरांना ते सांगितलं होतं.

फायनलच्या सकाळी धुकं उशिरा उठलं. बाबांना यायचंच होतं. बायकोनं त्यांना शालीत गुंडाळून आणलं, सीमारेषेपाशी साहेबांच्या सोफ्याशेजारी खुर्ची टाकून बसवलं. साहेबांनी वाकून नमस्कार केला. लखनौमध्ये ते कधी चुकत नाही.

माझा रनर म्हणजे आमच्या ऑफिसचा कॅशियर. सलामीला जाऊन पहिल्याच चेंडूवर परतलेला, त्यामुळे अंगावर सगळी सामग्री तयारच. पन्नाशीचा, गरगरीत, तोंडात पान. "भाई साहब, आप मारिए, भागना हमारे ज़िम्मे," असं म्हणून तो पंचांच्या बाजूला उभा राहिला आणि हेल्मेट डोळ्यांवर येऊ नये म्हणून सारखं मागे ढकलत राहिला.

मी खेळायला लागलो. हात विसरले नव्हते. चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता आणि मी मात्र बसस्टॉपवर उभं राहावं तसा उभा. माझी धाव दुसऱ्याच्या पोटाला बांधली होती. जिथे सहज दोन मिळाल्या असत्या तिथे कॅशियर एक काढून धापा टाकायचा आणि माझ्याकडे बघून माफी मागितल्यासारखा हसायचा. मला त्याचा राग यायला हवा होता. उलट मला हळूहळू बरं वाटायला लागलं. ऊन पाठीवर आलं होतं, मैदान ओळखीचं होतं, अर्ज सोमवारी जाणार होता. बऱ्याच महिन्यांनी डोक्यात काही नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

एक चेंडू जरा आखूड पडला. मी तो हलक्या हातानं कव्हरच्या डावीकडे ढकलला आणि तोंडातून "येस" निघालं. मग मी धावलो.

धावलो असं म्हणणंही बरोबर नाही, कारण त्यात मी काही केलं नाही. पाय निघाले. जोडीदार समोरून येऊन शेजारून गेला, बॅट खाली गेली, रेघेवरून सरकली, मी वळलो. त्या टोकापर्यंत गुडघा अजिबात दुखला नाही. पोचल्यावर मला कळेना की सगळे इतके शांत का आहेत. कॅशियर आपल्या जागी तसाच उभा होता, तोंड उघडं. कव्हरच्या माणसानं चेंडू यष्टीरक्षकाकडे टाकला, त्यानंही जरा थांबून पंचांकडे पाहिलं आणि मग हळूच, संकोचानं, बेल्स पाडल्या. पंच मला पोरवयापासून ओळखतात. बोट वर करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग हशा झाला. वाईट हशा नव्हता. दोन्ही टीम हसत होत्या, साहेब सोफ्यावर मागे रेलून हसत होते. आणि बाबा टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात एकमेकांवर नीट पडत नव्हते, तरी वाजवत होते. मी बाद झालो हे त्यांना कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याचं काही नव्हतं.

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो तो उठू शकलो नाही. गुडघा पपईएवढा झाला होता. पॅड काढले नाहीत म्हणून कोणाला दिसला नाही. आमच्या बाकीच्यांनी सामना आरामात जिंकला. माझी गरज नव्हतीच.

साहेब कप घेऊन माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात ठेवला. "घुटना तो भई बढ़िया चल रहा है आपका. हम तो ख़ामख़ाह परेशान थे."

"सर, आदत से निकल गया. देखिए, अब उठा नहीं जा रहा."

"अरे, उम्र है. सिकाई कीजिए." ते खरोखर खूश होते. "ऐसा दौड़े हैं कि जवान शरमा जाएँ. सबने देखा."

सबने देखा, हेच तर. सोमवारी अर्ज गेला नाही. मी केबिनमध्ये विचारायला गेलो तेव्हा साहेबांनी मला बसवलं, पाणी मागवलं आणि अगदी अदबीनं म्हणाले की भर मैदानात साऱ्या कंपन्यांसमोर पळालेल्या माणसाला पळता येत नाही, असं मी कोणत्या तोंडानं लिहून देऊ. त्यांच्या जागी मी असतो तर मीही लिहून दिलं नसतं.

त्यानंतरचे दिवस बाबा खुशीत होते. माझी मुलगी शाळेतून आली की मी कसा पळालो ते तिला सांगायचे, ती हिंदीत "हाँ आजोबा, देखा था वीडियो," म्हणायची, तरी पुन्हा सांगायचे. मी त्यांना अंगणात फिरवताना लंगडायचो आणि ते म्हणायचे, "लागलं का जरा? लागतेच. पन पळला कसा." मला तेव्हा त्यांचा हात सोडून कुठेतरी आडवं व्हावंसं वाटायचं. वीस वर्षांत एकाही सामन्यानं मला इतकं दमवलं नव्हतं.

बदलीचा आदेश आला तेव्हा त्यांना सांगणं भाग होतं. मी सकाळी त्यांच्या पलंगाशी बसलो आणि सांगून टाकलं.

"बलियाले? अन् गुडघ्याचं सांगतलं नाही काय त्यायले?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"मला पळताना पाहिलं त्यांनी, बाबा."

ते छताकडे बघत राहिले. चादरीवर त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. मग म्हणाले, "टाळ्या त म्याबी वाजवल्या."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठवायला म्हणून हात तिच्या दिशेनं पुढे केला.