पाच पायऱ्यांचं घर

लुवेनिया पेटिस मिलवॉकीत एकेचाळीस वर्षं राहिली. त्यातली सव्वीस एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात गेली. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिचे खांदे कामातून गेले, मग नोकरी गेली आणि नोकरीमागोमाग घरही. दोन हिवाळे तिने मावसबहिणीच्या तळघरात, भट्टीशेजारी खाट टाकून काढले. घरभाड्याच्या सरकारी मदतीच्या यादीत तिचं नाव होतं, पण ते वर सरकायला सात वर्षं लागली. मग एकदाचं व्हाउचर हातात पडलं. तिने आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधला साधारण तिसरा हिस्सा भरायचा, उरलेलं भाडं सरकारी ऑफिस परस्पर घरमालकाला देणार. नव्या खोलीत शिरल्यावर पहिल्या दिवशी तिने दाराला आतून कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आपल्या हाताने आतून कुलूप लावायची सवयच मोडली होती.

त्या घरात चार वर्षं झाली आणि ऑक्टोबरात अलाबामातल्या मोबील गावाहून तिच्या बहिणीचा फोन आला. त्याच गावात दोघी बहिणी जन्मल्या होत्या. थोरली ओझेला गाव सोडून कधी कुठे गेली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. लुवेनियाचंही तेच. दोघींना एकमेकींखेरीज जवळचं कुणी नव्हतं.

"वीनी, माझ्या मातीला येऊ नकोस," ओझेला म्हणाली.

"हे काय बोलणं झालं, झेला?"

"मेल्यावर मी काय तुझ्याशी गप्पा मारणार आहे? यायचं तर आत्ता ये. लिव्हर गेलंय म्हणतात. डॉक्टर म्हणाला, वसंत बघाल. उन्हाळ्याचं तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही."

लुवेनिया त्याच आठवड्यात निघाली असती. पण ओझेला राहायची ती इमारत फक्त म्हाताऱ्यांसाठी होती. तिथे पाहुण्याला चौदा रात्री मुभा, पंधराव्या रात्री नाही. आणि इकडचं घर फार दिवस बंद ठेवलं तर व्हाउचर रद्द. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, तर बहीण गेल्यावर पुन्हा तळघर. आपण असा हिशेब करतोय याचीच तिला लाज वाटली.

ऑफिसातल्या खिडकीमागे मिस ड्रेपर नावाची बाई बसायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"व्हाउचर सोबत नेता येतं, मिस पेटिस. लोकांना वाटतं ते घराला चिकटलेलं असतं. ते तुम्हाला चिकटलेलं आहे."

"मग मी उद्याच निघते."

"उद्या नाही, हनी. आधी आम्ही तुमचे कागद तिकडच्या ऑफिसला पाठवणार. ते तपासणार, मग आपलं व्हाउचर देणार. मग तुम्ही घर शोधायचं, ते घर त्यांनी पास करायचं. आणि इथल्या मालकाला रीतसर नोटीस द्यायची."

सरकारी काम, सहा महिने थांब. पहिल्या खेपेचे कागद पोचलेच नाहीत. दुसऱ्या खेपेत जन्मदाखल्याची अडचण निघाली. सुईणीने तिचं नाव 'लवेनिया' लिहिलं होतं. ती एकसष्ट वर्षांची बाई त्या एका अक्षरासाठी शपथपत्र करत फिरली. ओझेला रोज संध्याकाळी फोन करायची. "आज कुठवर आलीस?" ती विचारायची, जणू लुवेनिया चालतच निघाली होती.

जानेवारीत ती दोन बॅगा घेऊन बसमध्ये चढली. दारात ओझेलाला बघून तिला पहिल्यांदा ओळखच पटेना. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हात काटक्यांसारखे.

"बघतेस काय अशी? तू काय फार सुंदर राहिलीस?" ओझेला म्हणाली. "बस. मटार आणि भात केलाय. मीठ कमी आहे, उभं राहवेना."

चौदा रात्री दोघी एका पलंगावर झोपल्या. पंधराव्या दिवशी लुवेनिया बॅगा उचलून चर्चमधल्या मिसेस क्रेनशॉ यांच्या सोफ्यावर गेली. दिवसा बहिणीपाशी, रात्री सोफ्यावर. मधल्या वेळात घर शोधायचं. नव्या व्हाउचरला साठ दिवसांची मुदत होती.

तिने किती उंबरे झिजवले! फोनवर आवाज गोड असायचा, व्हाउचर म्हटलं की कोरडा व्हायचा. एका बाईने घर गेलं म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या अंगणातली 'भाड्याने देणे' पाटी लुवेनियाच्या कोपराला लागत होती. "तुम्ही चांगल्या वाटता हो," एकजण म्हणाला, "पण ती सरकारी माणसं येऊन खिडक्या मोजतात, ते मला जमत नाही."

एकेचाळीस दिवस गेल्यावर ती बहिणीच्या पायाशी बसून म्हणाली, "मी फाडून टाकते तो कागद. इथेच लपून राहते. काय करतील?"

"तुला काढतील. मग मलाही काढतील. मी अंथरुणासकट रस्त्यावर."

"मी तुझ्यासाठी आलेय, झेला. घरासाठी नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच सांगतेय." ओझेलाला धाप लागली. ती थांबून पुन्हा बोलू लागली. "मी तुझ्यासाठी काही ठेवून जात नाहीये. जमीन नाही, दागिना नाही. मी आज आहे, उद्या नाही. मग तू त्या भट्टीशेजारी जाऊन झोपणार? तेवढं मला सहन व्हायचं नाही. तू घर मिळव."

पुढच्या आठवड्यात मिस्टर नेटल्स भेटले. गोदीत वेल्डिंगचं काम करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांच्या जोडघराचा अर्धा भाग रिकामा होता. "माझी आईही सरकारी मदतीवर राहिली," एवढंच ते म्हणाले आणि अर्जावर सही केली.

मिसेस क्रेनशॉ यांनी ओझेलाला गाडीत घालून घर दाखवायला नेलं. ती गाडीतच बसून राहिली. काचेतून बराच वेळ बघत होती.

"पाच पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "तीन असत्या तर चढले असते."

नेटल्स फाटकापाशी उभे होते. "फळ्या टाकून उतार करून देतो, मॅडम. चाकांची खुर्ची वर ढकलता येईल. आठवडा लागेल."

"आठवडा आहे माझ्याकडे," ओझेला म्हणाली.

नव्या घरात तिला पाहुणी म्हणून आणायची, पंधराव्या दिवशी अर्ज करून रीतसर ठेवून घ्यायची, असं ठरलं. पण तपासनीस आला आणि घर नापास झालं. न्हाणीघराची खिडकी वर टिकत नव्हती, शेगडीचं एक बर्नर पेटत नव्हतं. पुन्हा तपासणी दोन आठवड्यांनी. नेटल्सनी खिडकी त्याच दिवशी दुरुस्त केली, शेगडी बदलली, उतारही बांधला. तारीख मात्र कुणाला अलीकडे आणता आली नाही. लुवेनिया रोज ऑफिसला फोन लावायची. रोज कुणीतरी नम्रपणे तीच तारीख सांगायचं.

मार्चात, तपासणीला दोन दिवस असताना, मंगळवारी सकाळी ओझेला गेली. लुवेनिया तिच्या ओठांना ओला कापूस लावत होती. श्वास थांबला हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

गुरुवारी ती नव्या घरात तपासनिसासमोर उभी राहिली, अंत्यविधीसाठी आणलेले काळे बूट घालून. तो तरुण, भला माणूस होता. खिडकी वर केली, राहिली. बर्नर पेटवलं, पेटलं. मग बाहेर येऊन उताराकडे बघत त्याने कागद चाळले.

"अर्जात एकच नाव आहे, मॅडम. घरात खुर्चीवर कुणी आहे का?"

नेटल्स काही बोलणार होते. लुवेनियाच आधी बोलली. "नाही. कुणी नाही."

"ठीक. घर पास आहे. अभिनंदन."

शनिवारी ओझेलाला माती दिली आणि सोमवारी लुवेनियाने वर्षाच्या करारावर सही केली. मिलवॉकीची खोली दुसऱ्या कुणाला गेली होती, जायला जागाच नव्हती. ओझेलाची खोली पाच दिवसांत रिकामी करून द्यायची होती. तिने पलंग, दोन पातेली आणि चर्चच्या टोप्या तेवढ्या आणल्या.

पहिले काही महिने ती कुणाकडे गेली नाही. बाजारात लोक तिला "ओझेलाची बहीण" म्हणायचे. सुरुवातीला ते ऐकवत नसे. नेटल्सनी एकदा चाचरत विचारलं, उतार काढून टाकू का. ती म्हणाली, राहू दे, माझेही गुडघे आता कुरकुरतात. ते खरंही होतं.

वर्ष संपल्यावर ऑफिसातल्या मुलीने त्याच घराच्या पुढच्या वर्षाच्या कागदांवर सह्या घेता घेता विचारलं, "हवं तर पुन्हा बदली करता येते, मिस पेटिस. मिलवॉकीला परत जायचंय?"

"तिकडे कोण आहे?"

"आणि इथे?"

लुवेनियाने पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुढच्या कागदावर सही केली.