यंदा लीग घेतली की…

कीपरना बसून मॅच बघता येत नसे. मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या घरात सोफा होता, दोन खुर्च्या होत्या, पण ते सोफ्याच्या मागे उभे राहत. गुडघे किंचित वाकलेले, हात अंगापासून सुटे, नजर टीव्हीवर. चेंडू डावीकडे गेला की तेही डावीकडे सरकत. एकदा मी चहाचा ट्रे आणताना माझा पाय गालिच्यात अडकला आणि एक कप निसटला. कीपरनी टीव्हीवरची नजर न हलवता तो हवेतच धरला. चहा सगळा त्यांच्या मनगटावर सांडला. "भाजलं का हो?" मी घाबरून विचारलं. "कप वाचला न्हवं?" म्हणाले, आणि पुन्हा आपल्या जागी उभे.

कीपर हे नाव माझ्या नवऱ्याने, महेशने, ठेवलेलं. तरुणपणी ते कोल्हापुरात पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून गोलकीपर म्हणून खेळत. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी होती, आणि ती ते लहान मुलांना फार कौतुकाने दाखवत. मस्कतमध्ये ते एका कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या समोरच्याच खोलीत आणखी दोघांबरोबर राहत. मला ते वहिनी म्हणत, मी त्यांना भाऊ. महेश तिकडे लांब दुक्मला रिफायनरीच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. तो नसला की कीपर मॅच बघायला येत ते दार सताड उघडं ठेवूनच. जिन्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण "स्कोअर काय?" विचारून जाई, आणि घरातला सगळा एसी बाहेर जाई. मी कुरकुरले तर म्हणत, "बिल माझ्याकडं द्या. पण दार उघडंच पायजे."

त्यांचा संघ इंग्लंडमधला, लाल जर्सीवाला. कोल्हापूरच्या माणसाला हा कुठून चिकटला, असं मी विचारलं होतं. ते मस्कतला आले तेव्हा कॅम्पवर सगळ्यांत मिळून एक टीव्ही होता आणि तो कंपनीच्या खमीस नावाच्या ड्रायव्हरच्या ताब्यात. हा खमीस या लालवाल्यांचा भक्त. संघ आदल्याच वर्षी लीग जिंकलेला. खमीसने नव्या पोराला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, "यंदा पुन्हा आपणच. इन्शाल्ला." त्या वर्षी ते हरले. पुढच्या वर्षीही हरले. खमीस निवृत्त होऊन आपल्या गावी गेला, कॅम्प मोडला, टीव्ही भिंतीएवढे झाले. तीस वर्षं लालवाल्यांना लीग मिळाली नाही आणि कीपरनी त्यांना सोडलं नाही.

"यंदा लीग घेतली की खलास. बॅग भरली," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य. ऑगस्टमध्ये सीझन सुरू झाला की हे वाक्य सुरू व्हायचं आणि मे महिन्यात "पुढच्या वर्षी बघू" यावर थांबायचं. ऐकणारे हसत. मीही हसायची. मग एकदा त्यांच्या बायकोशी, शालनवहिनींशी, फोनवर बोलणं झालं, तेव्हा हसू जरा अडखळलं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा नवरा परदेशी गेला. नंतर दर दोन वर्षांनी रजेवर. मुलगा नोकरीला लागला, मुलीचं लग्न होऊन ती नाशिकला गेली, सासू-सासरे गेले. सगळं एकटीने केलं. "आता ते कशापायी ऱ्हायल्यात तिकडं, मला बी कळंना," त्या म्हणाल्या होत्या. "इचारलं की म्हनत्यात, लीग."

मग तो सीझन आला. लालवाले हरेचनात. प्रत्येक शनिवारी जिंकत. खालच्या दुकानातला केरळी रविवारी सकाळी त्यांना पाहून टाळ्या वाजवायचा. आणि कीपर मात्र दिवसेंदिवस बेचैन होत चालले. पूर्वी सोफ्यामागे उभे राहत, आता मध्येच बाहेर जिन्यात जात, वर गच्चीपर्यंत चढत, धापा टाकत परत येत. जिंकल्यावरही चेहऱ्यावर आनंद नाही.

"भाऊ, एवढे पुढे आहेत तुमचे लोक. मग तुम्ही असे का?" एकदा मी विचारलंच.

ते दारात उभे राहून चपला घालत होते, काढत होते. "वहिनी, मानूस स्टॉपवर लई वर्सं उभा ऱ्हायला की त्येला स्टॉपच घर वाटाय लागतं. बस आली तर चढायचं कसं, त्येचीच भीती."

बस जवळजवळ आलीच होती. दोन मॅच जिंकल्या की लीग त्यांची, एवढंच उरलं होतं. आणि मार्चमध्ये सगळं थांबलं.

आधी इंग्लंडमधले सामने बंद झाले. मग आमच्याकडे विमानं बंद झाली. रुवीतलं माझं ट्रॅव्हल ऑफिस बंद झालं, रोज तिकिटं काढून देणारी मी घरात बसले. मग शहराचा सगळा मत्रह भागच बंद केला. बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही. हमरिया त्याच्या आत. चौकात पोलीस उभे राहिले. एरवी ज्या गल्लीत दोन माणसांना अंग चोरून जावं लागायचं तिथे मांजरं ऐसपैस झोपू लागली. महेश तिकडे दुक्मला अडकला.

कीपरना कंपनीने घरी राहायला सांगितलं. एका खोलीत तीन माणसं. त्यातला एक दिवसभर झोपायचा, दुसरा गावी फोनवर रडायचा. कीपर आमच्या मजल्यावरच्या बोळात फेऱ्या मारायचे. चपलांच्या आवाजाची कुणीतरी तक्रार केली, तर अनवाणी. मी दार किलकिलं करून बघायची, तर पाठीमागे हात बांधून, मास्क लावून, भिंतीपर्यंत जाऊन वळतायत.

"वहिनी, सीझन रद्द करतील म्हनं. सगळं पुसून टाकतील. खरं काय?"

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. "भाऊ, माणसं मरताहेत हो बाहेर. तुम्हाला लीगचं काय पडलंय?"

ते थांबले. मला वाटलं, दुखावले. पण शांतपणे म्हणाले, "खरं हाय. पर त्येचा इचार कराय लागलो की पाय लटपटत्यात. म्हनून लीगचा करतोय."

त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही.

मे महिन्यात महेशला ताप आला. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं, "साधा आहे, घाबरू नको." दुसऱ्या दिवशी म्हणाला, आम्हा चारजणांना कॅम्पच्या टोकाच्या वेगळ्या खोल्यांत हलवताहेत. त्यानंतर फोन बंद. कंपनीच्या ऑफिसात कुणी उचलेना. उचललं तर, "मॅडम, एव्हरीथिंग फाइन." मी दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत फोन लावत राहिले. मग बोळात जाऊन कीपरसमोर रडायला लागले. दोघांमध्ये अंतर ठेवायचं हेही सुचलं नाही. तेच मागे सरकले.

"रडू नगासा," म्हणाले. "दुक्मला मानूस लावतो."

"कोण आहे तिथे तुमचं?"

"तिथं न्हाई. पर तिथंपर्यंत हाय."

आणि त्यांनी फोन सुरू केला. तीस वर्षांत मस्कतपासून सलालापर्यंत जिथे जिथे लिफ्ट अडकली होती, तिथे तिथे त्यांचा एक माणूस होता. हॉटेलातला मॅनेजर, जनरेटरवाला, सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर. मल्याळी माणसाशी मोडक्या मल्याळममध्ये, ओमानीशी अरबीत, पठाणाशी हिंदीत. कुणी दुसऱ्याचा नंबर देई, तो तिसऱ्याचा. बोळात उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत गेला तरी ते बोलतच होते. माझ्या दारातून चार्जरची वायर बाहेर ओढून घेतली होती, आणि ती पुरेल तेवढ्याच जागेत येरझारा.

शेवटी श्रीवर्धनचे अन्वरभाई सापडले. भाजीपाल्याची गाडी घेऊन दुक्मच्या कॅम्पांना जाण्याचा त्यांना परवाना होता, आणि ते तेव्हा दुक्मच्याच वाटेवर होते. "तुम्ही फोन चालू ठेवा," ते म्हणाले. "मी बघतो काय ते."

असरची, दुपार कलल्यावरची, अजान झाली असेल. फोन वाजला. कीपरनी तो स्पीकरवर टाकून उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः लांब झाले. अन्वरभाईंचा आवाज आला, "भाभी, ते आत आहेत, मी बाहेर. मधे काच आहे. फोन काचेला लावतोय. मोठ्यानं बोला."

मी महेशला हाक मारली. काही ऐकू येईना. पुन्हा मारली. मग कुठूनतरी विहिरीतून यावा तसा आवाज, "अगं, चार्जर त्या खोलीत राहिला. बरा आहे मी. ताप उतरलाय. भूक लागलीय."

मी उंबऱ्याशी फोनजवळ बसले. वर पाहिलं तर कीपर भिंतीला टेकले होते आणि त्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. त्या हातांना काहीही झेलायचं नाहीये, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

जूनमध्ये महेश बरा होऊन कामावर गेला, मत्रहही उघडलं, आणि इंग्लंडमधून बातमी आली की लीग पुन्हा सुरू होणार, प्रेक्षक नसलेल्या मैदानांवर. त्याच आठवड्यात कीपरच्या कंपनीने साठीच्या पुढच्या सगळ्यांना कामावरून कमी केलं. भारतात जाणाऱ्या खास विमानात त्यांचा नंबर लागला, तोही असा की लीगचा निकाल लागायच्या आत निघायचं. पुढच्या विमानाने गेलं तरी चालणार होतं. कंपनी खोली देत होती.

सोफ्यामागे उभे राहून त्यांनी एक मॅच बघितली. टीव्हीवाले प्रेक्षकांचा खोटा आवाज लावत होते, तो त्यांनी बंद करायला लावला. मग नुसते बुटांचे आणि चेंडूचे आवाज, आणि एक माणूस सतत ओरडतोय. कीपरचे डोळे चमकले. "ऐकलासा? कीपर हाय त्यो. आमी असंच वरडतो, पर पब्लिकच्या गोंगाटात कुनाला ऐकू येत न्हाई."

मॅच बरोबरीत सुटली. लीग अजून लोंबकळतच. दुसऱ्या दिवशी ते दारात आले. "वहिनी, थांबू का पुढच्या विमानापत्तुर?" मी उत्तर देण्याआधी त्यांच्या हातातल्या फोनमधून शालनवहिनी बोलल्या. फोन चालूच होता.

"ताई, तुमीच इचारा त्यांना. त्यांच्या त्या लीगच्या टेबलात मी कितव्या नंबरावर हाय?"

कीपर हसले नाहीत. फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "येतो. हेच्यातच येतो."

निघाले ते भर दुपारी. विमानतळाची बस कोपऱ्यावर उभी होती. चेहऱ्यावर मास्क, हातात प्लास्टिकचे मोजे, तीस वर्षांच्या दोन बॅगा. हात मिळवायचा नव्हता. महेशला व्हिडिओवर घेतलं, तर उन्हात काही दिसेना. "त्या सोफ्याचा मागचा पाय हलतोय," जाताना म्हणाले. "महेशला सांगा. मला येळ झाला न्हाई." केरळी दुकानातून बाहेर आला आणि सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावून उभा राहिला.

कोल्हापूरला त्यांना एका शाळेत वेगळं ठेवलं होतं. ते तिथे असतानाच निकाल लागला, तोही लालवाले खेळत नसताना. त्यांच्या मागचा संघ कुठेतरी हरला आणि लीग यांची झाली. मी सकाळी उठून फोनवर बघितलं आणि लगेच त्यांना लावला.

"भाऊ, जिंकलात!"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "आमचं कोन खेळलं?"

"कुणीच नाही. ते घरी होते. दुसरे हरले."

"म्हंजे घरात बसून जिंकले?" आणि मग ते हसायला लागले. हसता हसता आवाज वेगळाच झाला. "खमीस असता तर," एवढंच म्हणाले. मागून कुणीतरी नाश्त्यासाठी हाका मारत होतं.

विमानं नीट सुरू झाल्यावर आम्ही कोल्हापूरला गेलो. कीपर बाजारात गेले होते. शालनवहिनींनी आम्हाला जवळ बसवून घेतलं. पहिले काही महिने फार अवघड गेले, म्हणाल्या. घरात कुठे काय असतं हे त्यांना माहीत नाही. पाहुण्यासारखे विचारायचे, "पाणी घेऊ का?" मॅच लावून देते म्हटलं तर नको म्हणत. स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहत. "मला बी सवय न्हाई की वो, मागं कोन उभं असायची."

वहिनींचे गुडघे गेलेले होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून दोघं संध्याकाळी रंकाळ्यावर जात. त्या दिवशी आम्हीही गेलो. वहिनी काठी टेकत, थांबत थांबत चालत होत्या. कीपरना तो वेग जमेना. तरातरा पुढे जात, दिव्याच्या खांबापर्यंत पोचत, वळून परत येत, दोन शब्द बोलत, की पुन्हा पुढे. महेशही त्यांच्या नादाने पुढे निघून गेला.

"बघा की," वहिनी मला म्हणाल्या, "माझी एक फेरी हुतीया तवर त्यांच्या तीन हुत्यात. पायाला दमच न्हाई मानसाच्या."

"तुम्ही सांगत नाही, हळू चला म्हणून?"

त्या थांबल्या. श्वास घेतला. कीपर लांबून आमच्याकडे वळले होते, झपझप येत होते.

"कशाला? येत्यात की माघारी."