बादलीचा ठराव

माझ्यासारख्याने कुणाबद्दल लिहावं, हे जरा आगाऊपणाचंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मोठ्या माणसांविषयी कसं लिहितात, ते घरी कुणाला विचारायची सोय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

विजयनगर भागातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी इंटर्न होतो. तिथल्या संगणक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे सर, मंडी मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातले. काहीही विचारलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "नोडोण मगा, समितीपुढे येऊ दे." कानडीत नोडोण म्हणजे बघू, मगा म्हणजे पोरा. असा एक चष्मा तुमच्याही ऑफिसात असेलच.

सर्व्हरच्या खोलीतला एसी गळायचा, नेमका सर्व्हरच्या कपाटावर. त्यात सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट, माझ्या आईचेही. मी धावत गेलो.

"सर, मेकॅनिक बोलावू?"

"एसी इमारत विभागाचा, सर्व्हर आपला. मधलं पाणी कुणाचं, ते आधी ठरू दे."

बैठका झाल्या, बोंडा-कॉफी झाली. शेवटी ठराव आला: कपाटावर बादली ठेवावी. बादलीला जोखीम क्रमांक मिळाला, लेबल लागलं. ती रिकामी कुणी करायची, यासाठी उपसमिती नेमली.

तरी बादली कधी भरून वाहिली नाही. मला वाटलं, धोरण चालतंय!

एका संध्याकाळी पाहिलं, सर बाह्या दुमडून बादली मोरीत ओतत होते. मला पाहून दचकले.

"कुणाला सांगू नको हं. ठरावात नाही हे."

"मग सर, एसीच दुरुस्त करून घेऊ ना?"

"एकदा न विचारता वायर बदलली होती रे. वर्षभर चौकशी चालली. बेडप्पा, नको रे बाबा, परत नको."

आणि लेबल पुढे येईल अशी बादली ठेवून दिली.

पुढे सर निवृत्त होऊन सरगूरला लेकीकडे गेले. माझीही इंटर्नशिप संपली. परवा रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. सर गेल्यावर थोड्याच दिवसांत बादली भरून सर्व्हरवर वाहिली होती. रिपोर्ट गेले, आईचेही. दुसरी प्रत कुठे ठेवायची, हा विषय अजून समितीपुढेच होता.

चौकशी मात्र लगेच झाली. कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रणात सर रोज बादली ओतताना दिसले. निष्कर्ष असा: बादली परवानगीविना रिकामी होत असल्याने गळतीचा धोका समितीला कळलाच नाही. खुलासा मागणारी नोटीस सरगूरला गेली.

ती मिळाल्यावर सरांनी ताईंना फोन केला म्हणे. विचारलं एवढंच:

"आता बादली कोण ओततंय?"