किल्लीवाले पंच

आमच्या चर्चच्या कबरस्थानाची किल्ली कारभार पाहणाऱ्या या पंचांच्या कमरेला असते. बोलताना ते माणसाकडे पाहत नाहीत, किल्ली चाचपतात. माझा भाचा पुण्यात मॉर्मन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेला आणि तिथेच वारला. त्याला सांगलीत माती द्यायला आणला, तर हे फाटकात आडवे.

"त्यांच्यात बाप, लेक, आत्मा तिघं येगळं. आपल्यात तिघं मिळून एकच देव. बायबलावर आनि एक पुस्तक. आपला बाप्तिस्माबी धरला न्हाई, परत बुडवला त्याला."

"तुमी त्यांचा धरता?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग दोनदा भिजलेलं पोर दोघांच्याबी लेखी एकदा तरी भिजलंच की. येशूला तारणारा म्हणत हुता का न्हाई?"

"म्हणत हुता, पर..."

"उघडा."

त्यांनी उघडलं, पण उकिरड्याकडची जागा दाखवली. तिथेच पुरला. आता रविवारी ते प्रीतीवर बोलायला उभे राहिले, की मी उठून बाहेर जाते.