विसाव्यावरचा कॅमेरा

जुन्नरच्या तय्यबला कुणी मेकॅनिक म्हटलं की राग यायचा, आणि इंजिनिअर म्हटलं की त्याहून जास्त यायचा. "वायरमन म्हना राव," तो म्हणायचा, "वायरीवर पोट हाय माजं." त्याचे वडील स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. तय्यब आधी रेडिओ उघडायला शिकला, मग टीव्ही, मग केबल आणि शेवटी कॅमेरे. हात सोन्याचा, पण जीभ तिखट. गिऱ्हाइकानं "उद्या येतो का?" विचारलं तर "उद्याचं कुनाला ठावं?" म्हणून फोन आपटायचा, आणि सकाळी सातला त्याच गिऱ्हाइकाच्या दारात शिडी घेऊन उभा असायचा.

मधली पाच वर्षं त्यानं सौदीत काढली होती. त्याबद्दल तो बोलत नसे, तरी सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. चौऱ्याण्णव साली इकडं वडील वारले. तिकडं पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि इकडं घरी फोन नाही. भावानं टाकलेलं पत्र एकोणीस दिवसांनी पोचलं. त्या एकोणीस दिवसांत तय्यब पोटभर जेवला होता, मित्रांबरोबर पत्ते खेळला होता, वडलांसाठी बाजारातून मनगटी घड्याळही घेऊन आला होता. परत आल्यावर बायकोला, जोहराबीला, तो एकदाच म्हणाला, "मिट्टी देना नसीब में नहीं था, ठीक है. लेकिन उस दिन मैं हँस रहा था." जोहराबी त्याच्याजवळ बसून राहिली.

दोन हजार सातच्या सुमारास राजुरीतल्या एका दूधडेअरीचा चेअरमन पुण्याला राहायला गेला, पण जीव मात्र दुधाच्या कॅनमध्येच ठेवून गेला. दुधात पाणी कोण घालतं, हे त्याला पुण्यात बसून बघायचं होतं. तय्यबनं डेअरीच्या ओट्यावर, मापाच्या टेबलासमोर कॅमेरा बसवून दिला. इंटरनेट यायचं टेलिफोनच्या तारेवरून, आणि त्या तारेची चाल म्हाताऱ्या बैलाची. इथं घडलेलं पुण्याच्या पडद्यावर उमटायला दोन-दोन मिनिटं लागायची. माणूस हलला की त्याचे चौकोन चौकोन व्हायचे. थांबला की हळूहळू नाक-डोळे जागेवर यायचे. चेअरमन फोनवर ओरडायचा, "त्या निळ्या शर्टवाल्याला धरा!" डेअरीचे सेक्रेटरी गेणभाऊ थंडपणे सांगायचे, "सायेब, त्यो घरी जाऊन च्या पीत बसला आसंल."

याच डेअरीवर धोंडाबाई दोन्ही वेळेला किटली घेऊन यायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, घरात ती आणि एक म्हैस. एकुलता एक मुलगा भगवंत कतारला पाइपलाइनच्या कामावर. कॅमेरा बसवला त्या दिवशी शिडीखाली उभी राहून तिनं विचारलं, "तय्यबा, ह्यातनं माजा भगवंत दिसंल का रं?"

"तुला न्हाई दिसायचा मावशी. पन त्यो तुला बघंल," तय्यब म्हणाला. बोलायला बोलून गेला, आणि मग ते वाक्य त्याला रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं भगवंतचा नंबर मागून घेतला आणि चेअरमनचा पासवर्ड त्याला देऊन टाकला. चोरीच होती ती. पण तिचा त्याला कधी पस्तावा झाला नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी, भगवंतच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळचं दूध घालून झालं की धोंडाबाई किटली खाली ठेवायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि कॅमेऱ्याखाली उभी राहायची. हलायचं नाही, एवढं तय्यबनं तिला शिकवून ठेवलं होतं. पापणीसुद्धा जपून लववायची ती. रांगेतली माणसं तिला वळसा घालून जायची. दोन मिनिटं झाली की गेणभाऊ म्हणायचे, "चला धोंडाबाई, पोचलाव तुमी." मग ती किटली उचलून घरी जायची.

एप्रिलातला मंगळवार होता. सकाळी दहाला तय्यबचा फोन वाजला. भगवंत होता.

"तय्यबभाई, आई गेली. रातच्याला झोपली ती उठलीच न्हाई."

भगवंत बोलतच राहिला. पासपोर्ट कंपनीकडं, सहीचा साहेब सुट्टीवर, कागद व्हायला दोन दिवस. इकडं उन्हाचा कडाका, चुलत्यांनी चार वाजता काढायचं ठरवलेलं. "मला येता येत न्हाई. पन कायबी करा, मला तिचं त्वांड एकदा बघू द्या. फकस्त एकदा."

तय्यबपुढं ताट वाढलेलं होतं. तो उठला. जोहराबीनं जेवून जा म्हटलं नाही. दुपारी लोडशेडिंग असतं हे तिलाही माहीत होतं, तिनं बॅटरीची पिशवी स्वतःच्या हातानं गाडीला बांधून दिली.

राजुरीला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. धोंडाबाईचं घर मळ्यात, तिथवर तार नाही. स्मशान ओढ्याकाठी, तिथंही नाही. गावात तार फक्त डेअरीपर्यंत. पण डेअरीसमोरच्या चिंचेखाली गावाची विसाव्याची जागा होती. ओढ्याकडं जाणारी प्रत्येक तिरडी तिथं खाली टेकवायची, मूठभर धान्य ठेवायचं, पुढचे खांदेकरी मागं जायचे, मागचे पुढं यायचे आणि तिरडी पुन्हा उचलायची, अशी जुनी रीत. वाटेत तिरडी जमिनीला टेकायची ती तिथंच, आणि तीही मिनिटभरच.

त्यानं बॅटरी जोडली, शिडी लावली आणि कॅमेऱ्याचे स्क्रू सैल करायला घेतले. गेणभाऊ बाहेर आले.

"तय्यब, हे इचारून करतोस का सांगून?"

"सांगून."

"चेअरमन मला घरी बसवंल."

तय्यबनं कॅमेरा रस्त्याकडं वळवला आणि का ते सांगितलं. गेणभाऊंनी चिंचेकडं बघितलं आणि पुढं होऊन शिडी धरली. पण मान हलवत म्हणाले, "इसाव्यावर मढं बसवून ठेवत न्हाईत बाबा. जीव घुटमळतो म्हनत्यात."

"दोन-तीन मिनिटं गेणभाऊ. जिती व्हती तवा तरी तिनं जास्त कुटं मागितली?"

गेणभाऊंनी टोपी घातली आणि मळ्याकडं चालू लागले.

चारच्या सुमाराला मयत आली. पुढं पुतण्या पप्पू हातात मडकं घेऊन, मागं सारा गाव. तिरडी चिंचेखाली टेकवली. कपाळाला बुक्का, ओठांवर तुळशीचं पान, आणि चेहरा नेहमीसारखाच, कुणाला तरी काही विचारायचं राहिल्यासारखा. तय्यब डेअरीच्या ओट्यावर कानाला फोन लावून उभा होता. तिकडं भगवंत साइटवरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपुढं बसलेला. दोन मिनिटांनी इथलं चित्र त्याच्या पडद्यावर उमटलं.

"तय्यबभाई, दिसत न्हाई. नुसती डोकीच डोकी."

तय्यबनं वर पाहिलं. मळ्यातून निघताना गेणभाऊंनी सांगून ठेवलं होतं, भगवंत बघतोय, जरा थांबा. चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण आपल्याकडं लग्नाला न गेलेलं माफ होतं, मयतीला न गेलेलं दोन पिढ्या लक्षात राहतं. भगवंत बघतोय म्हटल्यावर जो तो आपण आल्याचं दाखवायला पुढं सरसावला. कुणी टोपी काढून हात जोडत होता, कुणी मागच्याला ओढून पुढं घेत होता. भावकीचं एक माणूस तर टाचा उंच करून कॅमेऱ्याला तोंड दाखवत होतं. एकाच्याही मनात पाप नव्हतं. आणि त्या सगळ्या भल्या माणसांच्या पाठीमागं धोंडाबाई झाकून गेली होती.

आणखी अर्धं मिनिट गेलं. धान्य ठेवून झालं. "उचला रं," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि खांदेकरी वाकले.

"उचलू देऊ नका!" भगवंत फोनमध्ये किंचाळला. "तय्यबभाई, पाया पडतो, उचलू देऊ नका!"

तय्यबचा पाय ओट्यावरून उतरेना. इतक्या वर्षांत या गावांच्या मयतींना तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला होता, मान खाली घालून, रीतीत तोंड न घालता. आपण कोण थांबवणारे? मग त्याला ते घड्याळ आठवलं, वडलांसाठी घेतलेलं. तो गर्दीत घुसला.

"खाली बसा!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "समदे खाली बसा! तुमी आलाव त्ये मी सांगंन त्याला, येकायेकाचं नाव घेऊन सांगंन. पन आत्ता तिला दिसू द्या रं!"

भावकीतल्या दोघातिघांनी डोळे वटारले. तेवढ्यात गेणभाऊ तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या शेजारी पप्पू बसला. मग एकेक करत सारा गाव बसला. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या बायाही बसल्या. खांदेकरी सगळ्यात शेवटी बसले.

आता मधे कुणी नव्हतं. धोंडाबाई उघड्यावर होती.

कुणी हललं नाही. ऊन भाजत होतं, माश्या बसत होत्या, तरी कुणी हात उचलून त्या हाकलल्या नाहीत. तय्यबच्या कानात फक्त भगवंतचा श्वास ऐकू येत होता. एवढा वेळ त्याच्या आयुष्यात कधी लांबला नव्हता. सौदीतले एकोणीस दिवससुद्धा नाही, कारण ते त्याला कळलेच नव्हते.

"तुळस हाय व्हटावर," भगवंत एकदम म्हणाला. मग हुंदका. "दिसली. तय्यबभाई, आई दिसली."

तय्यबनं गेणभाऊंकडं बघून मान हलवली. थोड्या वेळानं भगवंतनं आवाज सावरला आणि घरातल्या कर्त्या मुलानं सांगावं तसं सांगितलं, "आता उचला म्हनावं."

"भगवंत म्हनतोय, उचला," तय्यब म्हणाला.

पुढचे मागं गेले, मागचे पुढं आले. तिरडी उठली. मडक्याचा धूर, मागं माणसं, आणि बघता बघता मयत ओढ्याच्या वळणाला लागून दिसेनाशी झाली. बाया घराकडं परतल्या. चिंचेखाली मूठभर धान्य तेवढं राहिलं. तय्यब रस्त्याच्या मधोमध एकटाच उभा होता. फोन ठेवावा म्हणून त्यानं हात हलवला, तर भगवंत अगदी हळू, कुणाला उठवायचं नसल्यासारखा बोलत होता.

"तय्यबभाई, थांबली का मानसं? आई अजून हितंच हाय."

तय्यबनं रिकाम्या रस्त्याकडं बघितलं.

"हा," तो म्हणाला. "हितंच हाय. बघून घे."