झोप ओळखणारी शकू

शकू माझी धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी उशाशीच होते, त्यामुळे बातमी मला कुणी सांगितली नाही. मीच सगळ्यांना सांगितली. महिना होऊन गेला. दुपारी मिरजगावच्या या घरात पंखा हळू फिरतो आणि वाटतं, ती पलीकडच्या खोलीत निजली आहे... वाटतं, एवढंच. ती नाही, हे मला ठाऊक आहे.

नगरच्या एका फार्मसी कॉलेजात तिने आयुष्यभर उंदीर सांभाळले. पांढरे, लाल डोळ्यांचे. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी द्यायचं. नवऱ्याला सोडल्यावर तिने दुसरं लग्न केलं नाही, म्हणून लोक उंदरांनाच शकूचा संसार म्हणायचे. ती म्हणायची, "नवऱ्यापरीस बरे. चावले तर औषध तरी हाय."

शेवटची काही वर्षं तिथल्या संशोधन करणाऱ्या मॅडम एका औषधाच्या मागे होत्या. मॉर्फिनसारखी अफूची औषधं दुखणं मारतात. पण जास्त झाली, मग ती नशेपायी असोत की दवाखान्यात, तर माणूस झोपतो आणि छाती श्वास घ्यायचं विसरते. त्यावर उतारा आहे, पण तो श्वासाबरोबर दुखणंही परत आणतो. मॅडमना असं औषध हवं होतं की श्वास यावा आणि दुखणं लांबच राहावं. एकदा नवं औषध दिलेल्या उंदरांचे श्वास यंत्रावर छान दिसले, सगळे खूश झाले. शकू पिंजऱ्याशी बसून होती. ती म्हणाली, श्वास घेत्यात, पण निजली न्हाईत. डोळे आवळलेत, कान पाडलेत, दुखतंय त्यांना. चौथी शिकलेल्या बाईने हे सांगावं... मॅडम दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तर शकूचं खरं निघालं. ते औषध बाद झालं. पुढे मॅडम तिला विचारल्याशिवाय कुठल्याच उंदराला बरा म्हणत नसत.

मग तिलाच कॅन्सर झाला, हाडांत उतरला. मॉर्फिन सुरू झालं. एका दुपारी दवाखान्यात तिचा श्वास लांबत गेला. एक आला की पुढचा कुठूनतरी फार खोलातून यायचा, आडातून भरली घागर यावी तसा. चेहरा इतका निवांत की बघताना माझेच डोळे मिटू लागले. मग मी घाबरले, नर्सला हाक मारली. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. श्वास आला आणि शकू किंचाळत उठली.

जरा निवल्यावर म्हणाली, "आक्के, उंदरांचं असंच हुतं. मॅडमला फोन लाव." आतून कसं वाटतं ते तिने फोनवर थांबत थांबत सगळं सांगितलं, कामावर असल्यासारखं. मग माझा हात धरला.

"पुन्हा अशी निजले तर उठवू नको."

"मला न्हाई जमायचं."

"जमंल. तू लई कडक हाईस."

डॉक्टरांनाही तिने तेच सांगितलं, कागदावर सही केली. आम्ही तिला घरी आणलं. आठवड्याने, ऊन कलताना, श्वास तसाच लांबला. मोबाईल माझ्या मांडीवर होता. मी दवाखान्यात फोन लावला नाही. तिच्या कपाळावर आठी नव्हती, डोळे आवळलेले नव्हते... खरंच निजली होती. लिंबाची सावली तिच्या पायांवरून हलत होती आणि मीही बसल्या जागी कुठेतरी तरंगत होते. शेवटचा श्वास कोणता, ते मला कळलंच नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला, दिवसकार्याला, मॅडम आल्या. तिच्या खोलीत खाटेवर बसल्या. खुंटीवर तिचा कॉलेजचा निळा कोट आहे, अजून भुशाचा वास येतो. तो त्यांनी तोंडाशी धरला आणि रडल्या. मी रडले नाही. विचारलं, दुखणं परत न आणणारं ते औषध झालं का. त्या म्हणाल्या, अजून नाही, वेळ लागेल.

मी म्हटलं, "लवकर करा, मॅडम. माझ्या उशाशी बसायला माझ्याएवढं कडक कुणी न्हाई."